मुलांना बायबलच्या आधारे कृतज्ञता कशी शिकवायची?

तुम्ही लिहिलंय की मुलांना काहीही आणून दिलं तरी चार दिवसांत कुरकुर सुरू होते, मग तुम्ही सांगता की बघा, कितीतरी मुलांना एवढंही मिळत नाही, देवाचे आभार माना, आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. मी संडेस्कूलला शिकवते, त्यामुळे आधी हेच सांगेन की ते वाक्य बंद करा. राग मानू नका, सगळेच आईबाप हे म्हणतात. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवा ना, तो मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता की! मी त्या जकातदारासारखा, म्हणजे लोक पापी समजायचे त्या कर गोळा करणाऱ्यासारखा नाही म्हणून आभार. आणि नीतिमान ठरून घरी गेला कोण, तर जकातदार. दुसऱ्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे हे समाधान मुलांना पटकन जमतं, पण उद्या वर्गात कोणाकडे आपल्यापेक्षा भारी सायकल दिसली की तीच तुलना उलटते आणि आभार संपले.

त्यापेक्षा हे दिलं कोणी, याकडे त्यांचं लक्ष न्या. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. ही गोष्ट सांगताना आपण लगेच नऊ जणांना व्हिलन करून टाकतो. मी मुलांना विचारते, ते नऊ जण कुठे गेले असतील? कोणी म्हणतं आईला भेटायला पळाले, कोणी म्हणतं खेळायला. खरं तर याजकांकडे, म्हणजे पुरोहितांकडे जा असं येशूनेच सांगितलं होतं, म्हणजे ते काही उलटं वागत नव्हते, फक्त बरं झाल्याच्या नादात बरं करणारा राहून गेला. मुलांचं पण अगदी असंच असतं हो, गिफ्ट हातात आलं की देणारा दिसतच नाही. आणि अजून एक, नऊ जण कुठे आहेत असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचा रोग परत आला असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे थँक्यू म्हटलं नाही म्हणून खेळणं काढून घेणं मला तरी पटत नाही.

रात्रीच्या प्रार्थनेत ‘सगळ्यासाठी धन्यवाद प्रभू, आमेन’ पाठ झालेलं असेल तर स्तोत्र 136 उघडा. 26 वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, ‘त्याची दया सनातन आहे’. अर्धं एकाने म्हणायचं, अर्धं बाकीच्यांनी. वाचून झालं की त्याच चालीत आपल्या दिवसातल्या गोष्टी घाला, आज ताप उतरला, आज भांडण मिटलं, आणि मागून सगळे एका सुरात. लहान मुलं यात काय वाट्टेल ते घालतात, घालू द्या, हसायला आलं तर हसा. त्यात माणसांची नावं पण येऊ द्यात, शिकवणारे, गाडी चालवणारे, औषध देणारे. प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय जवळजवळ नावांनीच भरलाय, मग आपल्याला काय हरकत आहे. आणि दुसऱ्या दिवशी ती माणसं भेटली की तोंडावर पण आभार मानायला लावा, नुसतं देवाला सांगून पळवाट नको 😄

एक काळजी मात्र घ्या. मूल खरंच दुखावलेलं असेल, टीममध्ये नाव आलं नाही, मित्राने बोलणं सोडलं, तर त्या क्षणी ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन तोंडावर मारू नका. स्तोत्र 13 मध्ये दावीद आधी चार वेळा विचारतो की अजून किती वेळ, तू मला विसरलास का, आणि मग शेवटी गातो. अवघं सहा वचनांचं स्तोत्र आहे, पण आधी रडायला जागा आहे त्यात. ती मुलांना पण द्या.

मोठी मुलं सुरुवातीला लाजतात, डोळे फिरवतात, गप्प बसून राहतात. तेव्हा टोकू नका, त्यांचा नंबर आला की सरळ पुढच्याला बोलू द्या.