जाहिरातीतलं ‘म्हणून’ : वाचकांची प्रश्नोत्तरे

नावं बदलतात, शंका त्याच राहतात, म्हणून या वेळी काही पत्रांना एकत्र उत्तरं देतो. वरवर कारण वाटतं पण खरं कारण नसतं, त्याला तर्कशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. जाहिरातीतलं ‘म्हणून’ नेमकं तिथे तपासावं.

तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलं आहे. जास्त पैसे मोजावेत का?

नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच वनस्पती तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. घरात हृदयरोगी असेल तर कोणतं तेल आणि किती, हे डॉक्टरांना विचारा.

‘दहापैकी नऊ दंतवैद्यांची पसंती’ खरी मानावी का?

कोणाला, काय विचारलं हे छापलेलं नसेल तर नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर पेस्ट बदलत बसू नका, दंतवैद्याकडे जा.

वडिलांना इन्शुलिन चालू आहे. एका काढ्याच्या जाहिरातीत लोक सांगतात, महिन्यात साखर उतरली. शेजारच्या काकांनाही गुण आला. काढा नैसर्गिकच आहे. इन्शुलिन थांबवून तीन महिने पाहावं का?

इन्शुलिन थांबवू नका. आधी वडिलांना हे सांगा, मग पुढचं वाचा.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असं आपण म्हणत नाही. काढ्याबाबत मात्र बिनदिक्कत म्हणतो. अशा बाटलीसोबत बहुधा पथ्याचा कागद येतो: साखर बंद, भात कमी, रोज चालणं. एवढं पाळलं तर काढ्याशिवायही साखर उतरू शकते. शेजारचे काका आधीच्या गोळ्याही घेत होते का? साखर उपाशीपोटी मोजली की जेवणानंतर? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांना जाहिरातीत कोण बोलावणार?

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हेही तसंच. धोतरा नैसर्गिकच आहे.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मना आहे. सत्तर वर्षं उलटली तरी अशा जाहिराती येतात आणि माणसं त्यांच्या भरवशावर उपचार सोडतात, याचा मला मनापासून संताप येतो. ज्याच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्याचं ते थांबवलं तर जीव धोक्यात यायला दोन-तीन दिवसही पुरतात. तीन महिन्यांची गोष्ट सोडाच. काढा घ्यायचाच असेल तर बाटली घेऊन इन्शुलिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. याच आठवड्यात.

खोट्या जाहिरातीला प्रसिद्ध नटही जबाबदार असतो का?

हो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. दाव्याची पुरेशी खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर तो सुटतो.

मुलीच्या क्लासवाले म्हणतात, ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’. फी भरावी का?

आज भरू नका. खोटी घाई दाखवणं कोचिंग क्लासना 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मना केलं आहे. फलकावर यशस्वी मुलांचे फोटो असतील, तर एकूण किती मुलं बसली होती आणि फोटोतल्यांनी नेमका कोणता कोर्स केला, ते लेखी मागा. फी परतीची अटही लेखीच हवी. टाळाटाळ झाली तर पत्रकाचा फोटो जपून ठेवा आणि पैसे देण्यापूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला.