बोअरची मोटर आणि समुद्रतळाचा मऊ मासा

प्रश्न : नमस्कार ताई, मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, बारावी सायन्सला आहे. मोबाईलवर पाह्यलं का समुद्रात आठ किलोमीटर खाली एक मासा राहते आणि तो जेलीसारखा मऊ असते. आमच्या बोअरची मोटर लोखंडाची, तरी दोन वर्षांत जळते. मग एवढ्या प्रेशरखाली मऊ मासा चिरडत काहून नाही? आणि त्याला पाहून रबरासारखा रोबोट बनवला म्हणतात, खरं हाय का?

उत्तर : खरं आहे बाळा, आणि अर्धं उत्तर तर तुमच्या बोअरमध्येच आहे. बाबांना विचार, नवी मोटर खाली सोडायच्या आधी मेकॅनिक काय करतो? आत पाणी भरायची मोटर असेल तर प्लग काढून आत स्वच्छ पाणी भरतो, सगळे बुडबुडे निघेपर्यंत हलवत राहतो, मगच प्लग बसवतो. पाण्यातच सोडायची तर आधी पाणी कशाला भरायचं, असं मला लहानपणी फार वाटायचं. एक तर मोटर थंड राहते, आणि दुसरं म्हणजे आत पाणी असलं की बाहेरचं पाणी जेवढं दाबतं तेवढंच आतलं बाहेर रेटतं, त्यामुळे खोक्यावर भार येतच नाही. बुडाशी रबराचा पडदा असतो, त्याचं काम हेच. (तुमची मोटर प्रेशरनं जळत नाही, कमी-जास्त व्होल्टेज नाहीतर बोअर आटल्यावर कोरडी चालणं, तेवढं बघून घ्या.)

आता समुद्र बघ. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. जगातल्या सगळ्यात खोल मारियाना खंदकाच्या तळाशी, जवळजवळ १०,९०० मीटरवर, तो हजारपटीच्या वर जातो, म्हणजे तुझ्या एका नखाएवढ्या जागेवर अकरा क्विंटल कापूस ठेवल्यासारखं.

घरी एक करून बघ. ढोरांच्या इंजेक्शनची नवी सिरिंज घे, सुई नको. आत हवा ओढ, तोंड अंगठ्यानं घट्ट दाब आणि दट्ट्या रेट, अर्ध्यापर्यंत सहज जाईल. आता पाणी भरून तसंच कर, हलणार नाही. चिरडते ती पोकळी. स्नेलफिश नावाच्या त्या माशाच्या पोटात इतर माशांसारखी हवेची पिशवीच नसते, कवटीसुद्धा पूर्ण हाडाची नाही आणि अंगभर पाणीदार गर. जपानजवळच्या इझु-ओगासावारा खंदकात ८,३३६ मीटरवर त्याचं शूटिंग झालं, ते २०२३ मध्ये जाहीर झालं.

पण मऊपणानं सगळं भागत नाही आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. दाब थेट पेशीतल्या रेणूंपर्यंत पोचतो, प्रोटीनचा आकार बिघडवतो, म्हणून खोलातले मासे अंगात टीएमएओ नावाचं रसायन साठवतात, ते प्रोटीनला सावरून धरतं. आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या दुकानापाशी जो वास येतो ना, तो बराचसा हेच रसायन मोडून तयार होतो, आपल्या तलावातल्या रोहू-कतल्याला तो तसा नसतो. आणि २०२४ मध्ये जेलीसारख्या दिसणाऱ्या टेनोफोर या प्राण्यांवर अभ्यास आला, त्यांच्या पेशीच्या पडद्यात काही चरबीचे रेणू मुळातच जास्त बाकदार असतात, दाबाखाली आल्यावर ते बरोबर आकारात बसतात. पावसाळ्यात लाकूड फुगणार हे धरून सुतार दार जरा सैल ठेवतो तसं. म्हणूनच हे प्राणी वर आणले की विरघळल्यासारखे मोडतात, वरच्या हलक्या दाबात त्यांचं दार बसतच नाही.

आता रोबोट. चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या लोकांनी २०२१ मध्ये स्नेलफिशवरून तो दाखवला, लांबी साधारण २२ सेंटिमीटर, अंग मऊ सिलिकॉनचं, धातूचं कवच नाही. खरी अडचण मऊ अंगाची नव्हती, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची होती, कारण एका सर्किट बोर्डावर पार्ट दाटीनं बसवले की दाबाखाली कडक पार्ट आणि मऊ सिलिकॉन वेगवेगळे दबतात आणि जोडाजवळ ताण येऊन फाटतं. माशाच्या कवटीची हाडं एकमेकांना घट्ट जोडलेली नसतात हे पाहून त्यांनी पार्ट सुटे-सुटे करून सिलिकॉनमध्ये पेरले, ताण पांगला. पंख हलवायला एक लवचीक रबरी पडदा, त्यावर हाय व्होल्टेज दिलं की तो दबून पसरतो, बंद केलं की परत आखडतो, स्नायूच समज. तळाशी पाणी दोन-तीन अंशांवर असतं, तिथं साधं रबर ताठरतं, म्हणून थंडीतही लवचीक राहील असं मटेरिअल लागलं. मारियानात एका यंत्राला बांधलेल्या त्या रोबोटनं १०,९०० मीटरवर पंख मारून दाखवले, आणि मोकळा पोहला तो दक्षिण चिनी समुद्रात ३,२२४ मीटरवर. यातलं सुटे पार्ट पेरणं मला मोठं वाटतं, कारण कडक आणि मऊ जिथं भेटतात तिथंच वस्तू तुटते, हे समुद्रातच काय, शरीरात बसवायच्या यंत्रांतही लागतं.

प्रश्न : मग आपली मत्स्य ६००० पाणबुडी कडक टायटॅनियमच्या गोळ्याची काहून?

उत्तर : कारण आत तीन माणसं बसणार, आणि माणसाला श्वास घ्यायला हवा लागते. पोकळी आली की कवच आलंच, म्हणून चेन्नईच्या एनआयओटी म्हणजे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या या पाणबुडीत २.१ मीटर व्यासाचा गोळा, ८० मिलिमीटर जाड, ६,००० मीटरसाठी.

प्रश्न : हे शिकायला काय घ्यायचं, पुणे-मुंबईलाच जावं लागते का?

उत्तर : नाही गं. केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही पक्कं कर, मग पॉलिमर शिकायचं. नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत, जिला सगळे एलआयटी म्हणतात आणि जिचं आता विद्यापीठ झालंय, प्लास्टिक-पॉलिमरचं शिक्षण आहे, वरुडहून एसटीनं जाता येतं. आणि तोपर्यंत मेकॅनिक मोटर खोलेल तेव्हा शेजारी उभी राहा, तो रबरी पडदा हातात घेऊन बघ.