वाचकांचे प्रश्न : मोटारींचे चेहरे

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या जुन्या फोटोंत दोन मोटारी आहेत. एकीच्या बॉनेटवर फोर्ड लिहिलेलं दिसतं, दुसरीला वडील स्टुडबेकर म्हणत. दोघींच्या तोंडाच्या मधोमध विमानाच्या नाकासारखा गोळा आहे. कोणी कोणाची नक्कल केली? आणि साल कसं ओळखावं?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : नक्कल शोधण्याआधी कोण कोणाकडे कामाला होतं ते पाहावं. फोर्डची १९४९ ची गाडी जून १९४८ मध्ये लोकांपुढे आली आणि श्रेय मिळालं बाहेरचे सल्लागार जॉर्ज वॉकर यांना. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या डिक कलील यांनी त्यातला एक नमुना इंडियाना राज्यातल्या मिशावाका इथे स्वतःच्या घरी केला. नमुना मातीचा होता; ती माती तापवायला स्वयंपाकघरातला ओव्हन वापरला. मदतीला होते बॉब बर्क आणि होल्डन कोटो. हे दोघे शेजारच्या साउथ बेंडमध्ये, डिझायनर रेमंड लोवी यांच्या गटातून स्टुडबेकरच्या गाड्या आखत. पुढे १९५० च्या स्टुडबेकरला टोकदार नाक दिलं ते याच बर्क यांनी. फोर्डचा गोळा नेमका कोणाच्या हातचा, यावर मात्र वाद आहे. वॉकर यांच्याच कार्यालयातले जो ओरोसही त्याचे दावेदार आहेत.

हेडलाइट सारखे दिसतात त्याचं कारण साधं आहे. १९४० पासून अमेरिकेत सगळ्यांना ७ इंची गोल सीलबंद दिवेच लावावे लागत. डोळे ठरलेले, म्हणून वेगळेपण दाखवायला उरायची ती जाळी आणि नाक.

आता फोटो भिंगाखाली धरा. फोर्डच्या जाळीत आडवी पट्टी आणि तिच्या मध्यावर एक गोळा असेल तर गाडी १९४९ किंवा १९५० ची. बॉनेटच्या टोकाला सुटी अक्षरं असतील तर १९४९, ढालीसारखं चिन्ह असेल तर १९५०. दोन गोळे असतील तर १९५१. स्टुडबेकरचा गोळा जाळीत बसवलेला नसतो. बॉनेटच पुढे निमुळतं होत जातं आणि जाळी त्याच्या दोन बाजूंना विभागते. ती १९५० किंवा १९५१ ची. १९५२ मध्ये ते नाक गेलं. तुमच्या फोर्डवर अक्षरं वाचता येतात, म्हणजे ती बहुधा १९४९ चीच.

माणसांची ही ये-जा पुढेही चालू राहिली. फोर्डच्याच घरातली १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल आखणारे एलवुड एंगल त्याच वर्षी क्रायस्लरमध्ये गेले, आणि क्रायस्लरची १९६४ ची इंपीरियल पाहिली की लिंकनचीच आठवण होते.

प्रश्न : पद्मिनी मोटारीच्या मागच्या कोपऱ्यांना शेपटासारखे उंचवटे कशाला दिले?
— एक टॅक्सीचालक, पुसद

उत्तर : उपयोग काही नाही, ती फॅशन होती. जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल आणि त्यांचे सहकारी युद्धकाळात लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं विमान पाहून आले. त्यातून १९४८ च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख, म्हणजे हेच उंचवटे, आले. पूर्वी अर्ल यांच्याच हाताखाली असलेल्या व्हर्जिल एक्स्नर यांनी १९५७ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांना ते उंच केले. त्या गाड्या देखण्या खऱ्या, पण घाईत बाजारात आल्या. पाणी झिरपे, गंज लवकर धरे. तरी जनरल मोटर्सच्या लोकांनी त्या पाहिल्या आणि १९५९ साठी चाललेलं स्वतःचं काम बाजूला ठेवून पुन्हा आखणी केली. फियाटने १९५७ च्या '१२०० ग्रानलुचे'ला या लाटेचा सौम्य अवतार दिला. त्याच बॉडीवरून ११०० डी झाली, आणि तीच आपली पद्मिनी.

प्रश्न : मला १९४९ च्या फोर्डचा नमुना करायचा आहे. वावरातली काळी माती घेतली, पण दोन दिवसांत भेगा पडल्या. काय चुकलं?
— अकरावीचा विद्यार्थी, आर्वी

उत्तर : माती चुकली. आपली कापसाची माती पाण्याने फुगते आणि वाळताना खूप आकसते. अर्ल यांनी मोटारउद्योगात रुळवलेली माती मेण आणि तेलात मळलेली असते. तिच्यात पाणी नसतं, म्हणून ती वाळत नाही. कलासाहित्याच्या दुकानात तेलाची मॉडेलिंग क्ले माग.

प्रमाण १:१० धर. लांबी ५० सेंमी, रुंदी सुमारे १८, उंची १६, चाकांच्या मध्यांतलं अंतर २९. अर्धीच गाडी कर आणि मध्यरेषेवर उभा आरसा लाव. दोन्ही बाजू सारख्या करायची कटकट वाचते आणि माती ३ किलोच्या आसपास पुरते. आत थर्माकोलचा गाभा ठेव, सगळीकडून दीड सेंमी लहान. माती डब्यात घालून तो डबा गरम पाण्यात ठेव. थेट आचेवर ठेवलीस तर मेण-तेल वेगळं होतं. पहिला थर अंगठ्याने गाभ्यावर घासून बसव, नाहीतर पुढे पापुद्रा सुटतो. दर ५ सेंमीवर गाडीच्या आडव्या कापाच्या आकाराचा पुठ्ठा कापून लाव आणि आकार तपास. हेक्सॉ पात्याच्या दात्यांनी तिरकं, मग उलट तिरकं खरवड, आणि शेवटी पात्याच्या पाठीने गुळगुळीत कर. खड्डे उजेडात दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धर, लगेच सापडतील.

नाकाचा गोळा वेगळा करून शेवटी लाव. आणि हे काम हिवाळ्यात उरक. मे महिन्यात टिनाच्या खोलीत हीच माती मऊ पडते, आणि पहिलं छत खचतं, कारण त्याला धरणारे खिडक्यांमधले खांब बारीक असतात. खांबांत आधीच तार घाल.