करस्पॉन्डन्स चेसचा डाव संपल्यावर एकेक चाल कशी तपासायची?

तुमचा प्रश्न असा की करस्पॉन्डन्स चेसचा, म्हणजे एकेका चालीला कित्येक दिवस मिळणाऱ्या दूरच्या बुद्धिबळाचा, डाव हरलात, इंजिनला (चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामला) एकही मोठी घोडचूक सापडत नाही, मग चाल-चाल तपासून शिकायचं काय. माझं स्पष्ट मत, असा डाव पहिल्या चालीपासून तपासूच नका, शेवटून मागे या. घड्याळाच्या डावात एका खेळीत हत्ती जातो आणि डाव संपतो, पण इथे आयसीसीएफच्या (आंतरराष्ट्रीय करस्पॉन्डन्स चेस महासंघाच्या) नेहमीच्या वेळेत १० चालींना ५० दिवस मिळतात, एवढ्या वेळात सहसा कोणी मोहरा फुकट देत नाही, त्यामुळे डाव हळूहळू सरकत जातो आणि ते सरकणं पुढून बघताना दिसत नाही.

म्हणजे करायचं काय, तर शेवटच्या पोझिशनवरून एकेक चाल मागे घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं, इथे दुसरं काही खेळून डाव वाचला असता का? जिथे पहिल्यांदा "हो" येईल तिथे थांबा, खरा अभ्यास तिथून सुरू.

एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर हा डाव घ्या, पाचव्या जागतिक करस्पॉन्डन्स स्पर्धेतला (१९६५–६८), बर्लिनर काळ्याने जिंकला आणि स्पर्धाही त्यानेच जिंकली. सगळे दहाव्या चालीबद्दल बोलतात, पटावरच्या डी४ घरातला घोडा मारला जाऊ देऊन त्याने प्यादं ई४ वर सरकवलं. चाल सुंदर आहेच! पण मागून आलात तर तुम्ही आधी ३१व्या चालीवर थांबता. वजीर गेलेत, फक्त हत्ती आणि प्यादी उरलीत, काळ्याकडे एक प्यादं जास्त, आणि बर्लिनर हत्ती सी८ वर नेऊन एफ७ चं प्यादं सरळ देऊन टाकतो. का? पांढऱ्याने प्यादं खाल्लं की काळा हत्ती सी७ वर येऊन अदलाबदल मागतो. अदलाबदल केली तर एच५ चं लांबचं प्यादं अडवायला पांढऱ्या राजाला तिकडे जावं लागतं आणि इकडची प्यादी उघडी पडतात. एस्ट्रिनने नाही केली, हत्ती एफ२ वर मागे नेला, मग काळा राजा ई५, डी४ करत थेट डी३ चं प्यादं खायला गेला. प्यादं परत देऊन राजा आत घुसवला, हा निर्णय इंजिनच्या नुसत्या आकड्यातून कळणारच नाही, तो स्वतः मांडून बघावा लागतो.

म्हणून इंजिन दुसऱ्या फेरीत लावा. आधी प्रत्येक निर्णायक चालीखाली दोन ओळी लिहा, काय हवं होतं आणि समोरच्याच्या कुठल्या उत्तराची भीती होती. डाव चालू असताना केलेली टिपणं असतील तर सोन्याहून पिवळं, कारण त्या वेळी तुम्ही नक्की काय समजत होतात ते त्यात असतं, नंतर आठवून लिहिलेलं बऱ्याचदा खरं नसतं. मग इंजिनवर एकाऐवजी तीन लाइन्स (त्याने सुचवलेले चालींचे क्रम) चालू ठेवा आणि तुमची चाल त्यात नसेल तर ती हाताने खेळून पुढे पाच-सहा चाली न्या, इंजिन ती कशी मोडतं ते बघा.

आणि हो, चालू डावात इंजिन लावायच्या आधी नियम वाचा. आयसीसीएफमध्ये चालतं, पण लिचेस किंवा चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या साइटवरच्या करस्पॉन्डन्स डावात चालत नाही.