तारीख पुढे ढकलताय ना, मग आधी तिथी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मार्चमध्ये मालवण ते गोव्याच्या सीमेवरचं तेरेखोल असं कयाकने जायचंय, परवानगीसाठी एका कार्यालयात तीन चकरा झाल्यात, 'म्हणून ट्रिप आठवडाभर पुढे ढकलतोय, बाकी प्लॅन तोच' असं लिहिलंय. त्या शेवटच्या तीन शब्दांमुळे हे लिहायला बसलोय. कुठली कयाक घ्यावी, हा तुमचा मूळ प्रश्न बाजूला ठेवतो. त्यावर इथे पुष्कळ लोक पुष्कळ बोलतील. लाइफ जॅकेट वगैरेही सांगत बसत नाही.

2018 चा शिमगा. मी आणि एक मित्र आचऱ्याहून निघून मालवण, देवबाग करत निवतीपर्यंत जाणार होतो. प्लॅन चांगला होता, आजही म्हणतो. फाल्गुन शुद्ध नवमीला निघायचं, दशमीला दुपारी तारकर्लीत जेवून थांबायचं, आणि चारच्या सुमाराला कर्लीच्या खाडीचं मुख ओलांडून भोगव्याला लागायचं. भरतीचं जुनं गणित तुम्हाला माहीत असेलच: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती संध्याकाळी साडेसातला, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दुपारी सव्वाच्या आसपास. चार वाजता पाणी खाडीत शिरत असणार, तेही भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीचं, जोर नाही. वारा मागून, पाणी वाऱ्याबरोबर.

मग आम्ही शहाणपणा करून एका कार्यालयात ना हरकत पत्र मागायला गेलो. नाव घेत नाही, तिथली माणसं बदललीही असतील. पहिल्या दिवशी प्रश्न आला, 'ही मासेमारी नौका की प्रवासी नौका?' दोन्ही नाही म्हटल्यावर 'मग आमच्याकडे कशाला?' दुसऱ्या कार्यालयाने परत पहिल्याकडे पाठवलं. मग अर्ज आवक-जावकला पडला, मग सहीचे साहेब शिमग्याला गावी. आठवडा गेला. पत्र मिळालंच नाही, शेवटी अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन आम्ही धुळवडीला निघालो. रजा संपत आलेली, डोकं तापलेलं. आणि प्लॅन तोच ठेवला.

दुसरा दिवस म्हणजे वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. भरती दीडला, आणि हे मुंबईचं झालं. भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवणला ती त्याच्याही आधी. वर उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस. उधाणाचा खरा जोर पौर्णिमेपेक्षा नंतरच्या एक-दोन दिवसांत दिसतो. म्हणजे आम्ही तारकर्लीत सुरमईची थाळी खात 'पाणी लागायची' वाट बघत होतो, तेव्हा पाणी फिरून ओहोटी सुरू झाली होती. हे गणित मला तोंडपाठ होतं. नव्या तारखेला ते लावून बघितलं नाही, इतकंच.

समुद्राकडून खाडीच्या मुखाकडे जाताना लाटांच्या पाठी दिसतात, पोट दिसत नाही. लांबून सगळं गुळगुळीत वाटतं. मला आधी दिसली ती पाण्यावरची रेघ. अलीकडे हिरवं, पलीकडे गढूळ, मध्ये फेस आणि नारळाची सालं. ती ओलांडली आणि मागून खेचल्यासारखी कयाक आडवी झाली. खाडीचं पाणी बाहेर धावतंय, वायव्येचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, लाटा आत ढकलतोय, दोन्ही त्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर भिडतायत. लाटा छातीएवढ्या, पण उभ्या, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी तिसऱ्या लाटेत उलटलो. मित्र दोन मिनिटं टिकला.

पोहता येत होतं, पण पोहून उपयोग नव्हता, पाणी बाहेरच नेत होतं. फोन ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), ड्राय बॅग हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या सामानाच्या कप्प्यात, हॅच पाण्याखाली. भोगव्याच्या एका होडीने आम्हाला बघितलं म्हणून हे लिहितोय. वर ओढून घेतल्यावर होडीवाले काका एवढंच म्हणाले, "उधानाच्या दिवसात ह्या येळाक हय कोण येता रे?" पैसे घेतले नाहीत. माझं पॅडल दुसऱ्या दिवशी कोणीतरी आणून दिलं.

आता माझी मतं, आणि ती माझीच आहेत. मी प्रशिक्षक नाही, नियमही बदलत असतात, त्यामुळे स्वतः विचारून घ्या. मला वाटतं, पत्राच्या मागे लागून दिवस घालवू नयेत. मार्ग, तारखा, माणसांची नावं लिहून स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. तटरक्षक दलाचा 1554 नंबर फोनमध्ये, आणि फोन अंगावर, पिशवीत नाही. परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) मागवू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही, गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना त्यावरून त्रास झालाय.

तारीख ढकलायचीच तर आठवडा नको, पंधरवडा ढकला, म्हणजे पुन्हा भांग मिळेल. पण मग मार्च संपतो आणि अकरापासूनच वारा उठतो, तेव्हा पहाटे निघून दहाला किनाऱ्याला लागायचं. एप्रिलअखेरीनंतर मी तरी उघड्या समुद्रात जात नाही. मे 2021 चं तौक्ते वादळ आठवा. पावसाळ्यात तर 1 जून ते 31 जुलै मच्छीमारसुद्धा यांत्रिक होड्या बाहेर काढत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर फोटोत सुंदर दिसतात, पण 2009 चं फयान वादळ नोव्हेंबरातच आलं होतं. माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारीची सकाळ. त्यातही मतलई वारा जमिनीकडून बाहेर ढकलतो, नवखा जोडीदार असेल तर किनारा सोडू नका.

नवी तारीख ठरली की तिथीसकट इथे टाका, गणित तपासून देतो. फक्त रात्री नऊनंतर. दिवसा मीही एका कार्यालयातच बसतो.