रेडिओलॉजी तंत्रज्ञ : अभ्यासक्रम निवडताना

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला रेडिओलॉजी तंत्रज्ञ व्हायचे आहे. जवळच्या शहरातील एका खासगी संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफीही शिकवतो, नोकरी नक्की, असे तेथे सांगितले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील पदवीला आंतरवासिता धरून चार वर्षे लागतात आणि वसतिगृहाचा खर्चही आहे. आमची शेती कोरडवाहू आहे. काय करावे?
— एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : आपली ओढाताण मी समजू शकतो, तरीही एक वर्षाच्या त्या डिप्लोमाला पैसे भरू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी संसदेने २०२१ मध्ये केलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात रेडिओलॉजी तंत्रज्ञांचाही समावेश आहे. त्या कायद्याच्या व्याख्येनुसार पदविकेसाठी किमान २,००० तासांचे शिक्षण दोन ते चार वर्षांत, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण तीन ते सहा वर्षांत पूर्ण व्हावे लागते. एका वर्षाचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही, आणि पुढे नोंदणीची वेळ आली की नेमकी तेथेच मुलीची अडचण होईल.

सोनोग्राफी शिकवण्याचे आश्वासन तर मला अधिक खटकते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करायची असते. तंत्रज्ञाच्या हाती ते काम येत नाही. जी संस्था एवढी मूलभूत गोष्ट पालकांपासून दडवते, तिच्या नोकरीच्या हमीवर विसंबू नये.

आता महाविद्यालय कसे पारखावे, ते सांगतो. इमारतीपेक्षा तिच्यामागचे रुग्णालय पाहावे. मांडीचे हाड मोडलेल्या आजीबाईंना वेदना वाढू न देता टेबलावर कसे घ्यायचे, रडणाऱ्या बाळाच्या छातीचा एक्स-रे पहिल्याच खेपेस नीट कसा काढायचा, अतिदक्षता विभागात पोर्टेबल यंत्र नेल्यावर आजूबाजूच्यांना किती दूर उभे करायचे, हे फळ्यावर शिकता येत नाही. एक्स-रे बिघडला की तो पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला दुसऱ्यांदा प्रारण (रेडिएशन) सोसावे लागते. माझ्या हाताखाली एकदा एक उमेदवार आला होता. त्याला सीटी यंत्राचे भाग तोंडपाठ होते, पण खांद्याच्या एक्स-रेसाठी रुग्णाला उभे कसे करायचे, ते त्याला येत नव्हते. मुलगा हुशार होता. त्याच्या संस्थेला रुग्णालयच नव्हते. म्हणून सकाळी ओपीडीच्या वेळी मुलीला घेऊन महाविद्यालयात जावे आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे : स्वतःच्या हाताने दिवसाला किती एक्स-रे काढता? सीटी आणि एमआरआय विभागांत किती आठवडे काम मिळते? शस्त्रक्रियागृहात सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या फिरत्या यंत्रावर, उभे राहू देतात का?

त्यांच्या छातीवर टीएलडी बॅज आहे का, हेही पाहावे. अंगावर किती प्रारण पडले हे मोजणारा हा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रशिक्षणार्थीसाठी वर्षाला ६ मिलिसिव्हर्टची (हे प्रारण मोजण्याचे एकक) मर्यादा घातली आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञासाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० असून कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. बिल्लाच नसेल तर ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे कळायला मार्ग नाही, आणि अशा ठिकाणी आपली मुलगी पाठवू नये. मर्यादा पाळून, शिशाचा अॅप्रन वापरून काम केले तर मात्र या व्यवसायाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळत असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि संलग्नता नेमक्या याच अभ्यासक्रमासाठी आहे का, याचा कागद पाहून घ्यावा. चार वर्षे अगदीच शक्य नसतील, तर मोठ्या रुग्णालयाला जोडलेली, वर उल्लेखिलेले तास पूर्ण करणारी मान्यताप्राप्त पदविका चालेल. खर्चासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. मुलीचा अभ्यासक्रम त्यांत बसतो का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात प्रवेशापूर्वीच विचारावे, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवावा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तहसीलमध्ये त्यासाठी फार गर्दी असते.