गाळ्यावर साडेतेवीस लाखांचा कागद

प्रश्न : ताई, नमस्कार. मानखुर्दला माझा प्लास्टिक धुऊन चुरा करायचा गाळा आहे. चेंबूर-गोवंडीच्या सोसायट्यांमधला सुका कचरा आमच्याच दोन टेम्पोंतून येतो. त्यातलं एलडी, पीपी (प्लास्टिकचे दोन प्रकार) वेगळं काढायचं, धुवायचं, दळायचं आणि दाणा काढणाऱ्याला विकायचं, असा धंदा. ६ जानेवारीला प्रदूषण मंडळाचे अधिकारी आले. नेमकी त्या दिवशी सेटलिंग टाकी (धुण्याच्या पाण्यातला गाळ खाली बसवायची) गाळाने भरलेली होती आणि धुण्याचं पाणी सरळ गटारात चाललं होतं. मी बाहेर होतो, भाच्याने कागदावर सही केली. त्यांनी बाटलीत पाणी भरून नेलं. आम्ही टाकी उपसली, शेजारी दुसरी बांधली, पाणी फिरवून वापरायला पंप बसवला आणि ९ फेब्रुवारीला मंडळात पत्र दिलं. आवक शिक्का आहे. २० तारखेला कारणे दाखवा नोटीस आली. कन्सल्टंटने उत्तर पाठवलं, ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा होणार नाही.’ १० एप्रिलला अधिकारी परत येऊन सगळं ठीक असल्याचं लिहून गेले. आणि आता पाणी कायद्याच्या कलम ३३अ खाली आदेश आलाय: ९४ दिवसांची पर्यावरण भरपाई रु. २३,५०,०००, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर गाळा बंद. माझी वर्षाची उलाढालच पावणेदोन कोटी. मेहुणे म्हणतात, हायकोर्टात जा. कन्सल्टंट म्हणतो, साहेबांना भेटून कमी करून आणतो. काय करू?
— एक गाळेधारक, मानखुर्द

उत्तर : तुमच्या पत्रासोबत आदेशाची प्रत होती म्हणून बरं झालं. मासिक छापून येईपर्यंत मुदत टळली असती, त्यामुळे तारखांचं तेवढं तुम्हाला आधीच कळवलंय. बाकीचं इथे लिहिते, कारण असाच कागद हातात घेऊन बसलेले तुमच्या लायनीत आणखी बरेच असणार.

आधी कन्सल्टंटचं. साहेबांना भेटा, माझी ना नाही. पण कलम ३३अ च्या आदेशावर अपील राष्ट्रीय हरित लवादाकडे होतं आणि त्याला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ करू शकतो. त्यानंतर कितीही चांगली केस असो, दार बंद. ‘फाइल वर गेलीय’, ‘पुढच्या आठवड्यात सही होईल’ हे ऐकत तीन महिने घालवणारे अशील माझ्याकडे दरवर्षी येतात. मंडळाला दिलेल्या विनंतीअर्जाने अपिलाची मुदत एका दिवसानेही थांबत नाही. भेट चालू ठेवा, अपील दाखल करा. दोन्ही एकाच वेळी चालतं.

मेहुण्यांचा सल्ला अगदीच चुकीचा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा हायकोर्टाचा अधिकार हरित लवाद आल्याने संपलेला नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. पण अपिलाची सोय असताना हायकोर्ट पहिला प्रश्न तोच विचारणार: तिकडे का गेला नाहीत? तुम्हाला सुनावणीच मिळाली नाही असा तुमचा मुद्दा आहे आणि तो मजबूत आहे. तरी तो लवादापुढेही तितकाच चालेल, शिवाय तिथे आकड्यांतही शिरता येईल. तुमचं खरं भांडण आकड्यांचं आहे.

तेव्हा आता आदेशाचं दुसरं पान काढा. त्यात तळाला एक ओळ आहे: ५० × ९४ × २५० × १ × २. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घालून दिलेलं हे सूत्र आहे. पहिला ५० म्हणजे उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक. प्रदूषणाप्रमाणे उद्योगांचे रंगांचे गट पाडलेत: रेड उद्योगाला ८०, ऑरेंजला ५०, ग्रीनला ३०. टाकाऊ प्लास्टिकवर प्रक्रिया करणारे ऑरेंजमध्ये येतात, तुमच्या कन्सेंटवरही (मंडळाच्या परवानगीवर) तेच छापलंय, तेव्हा तिथे वाद नको. ९४ हे दिवस. २५० हा रुपयांतला गुणक. तो १०० ते ५०० मध्ये कुठेही धरता येतो, पण २५० सुचवलेला आहे आणि सगळीकडे तोच लावतात. शेवटचा २ मुंबईचा: शहराची लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली की दुप्पट. हाच गाळा दहा लाखांच्या आत वस्ती असलेल्या एखाद्या गावात असता तर तिथे १ आला असता. मुंबईत धंदा करण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

राहिला चौथा आकडा. तो उद्योगाच्या आकारमानाचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ०.५, मध्यमला १, मोठ्याला १.५. तुम्हाला १ लावलाय. म्हणजे कुणीतरी तुम्हाला मध्यम उद्योग करून टाकलंय! कन्सेंटच्या पहिल्या पानावर ‘ऑरेंज / एस.एस.आय.’ (म्हणजे लघु उद्योग) आहे. उद्यम प्रमाणपत्रावर ‘सूक्ष्म’ आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्मच. तुमचे पावणेदोन कोटी कुठे आणि दहा कोटी कुठे. हा एक आकडा दुरुस्त झाला की रोजचे २५,००० चे १२,५०० होतात आणि एकूण रक्कम ११,७५,००० वर येते. याला वकिली कौशल्य लागत नाही, दोन झेरॉक्स लागतात. भेटीला जाणारच असाल तर त्या घेऊन जा आणि आवक शिक्का मारून घ्या.

दिवसांचं प्रकरण मात्र जरा नाजूक आहे. केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दिवस मोजायचे ते उल्लंघन आढळल्याच्या दिवसापासून मंडळाने पूर्तता तपासल्याच्या दिवसापर्यंत. पूर्तता ‘केल्याच्या’ नाही, ‘तपासल्याच्या’. तुम्ही टाकी बांधून ९ फेब्रुवारीला कळवलंत, अधिकारी आले १० एप्रिलला. मधल्या ६० दिवसांत तुमच्या गाळ्यातून गटारात काही गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही, आणि तपासणीला कधी यायचं हे तुमच्या हातात नव्हतं. ती दिरंगाई तुमच्या खात्यात कशी मांडता, हा प्रश्न लवादापुढे ठामपणे विचारा. मान्य झाला तर ३४ दिवस उरतात आणि रक्कम ४,२५,०००. मान्य होईलच अशी हमी मी देणार नाही, कारण मंडळ त्या ‘तपासल्याच्या’ शब्दावर बोट ठेवणार. म्हणून तुमचा पुरावा नुसत्या पत्रावर ठेवू नका. गवंड्याचं बिल, पंपाचं बिल, गाळ उपसून नेणाऱ्याची पावती, टाकीचे तारखेसकट फोटो, सगळं जोडा. त्या काळात मोटार जळून किंवा माणसं गावी गेल्याने मशीन बंद होतं असे दिवस असतील तर वीजबिलातली युनिटं दाखवा. मीटरचा आकडा कुणाची बाजू घेत नाही.

आता कन्सल्टंटच्या त्या उत्तराकडे येते. माझा संताप आवरून लिहितेय. दीड ओळीचं ‘दिलगीर आहोत’ म्हणजे कबुलीजबाब. आदेशात ते शब्दशः उतरवलंय, ‘कसूर मान्य केली आहे’ असं म्हणून. नोटिशीला उत्तर देताना नम्रता हवी, पण त्यात निदान तारखा, ९ फेब्रुवारीचं पत्र आणि सुनावणीची मागणी हवी होती. तरीही नोटीस पुन्हा वाचा. तिच्यात कन्सेंटच्या अटीचा भंग झाल्याचं लिहिलंय. भरपाईचा शब्द नाही, रक्कम नाही, सूत्र नाही. ज्या गोष्टीबद्दल विचारलंच नाही तिची कबुली तुम्ही दिलीत असं कसं म्हणता येईल? अपिलातला पहिला मुद्दा हाच ठेवा.

त्याच्या जोडीला ४ ऑगस्ट २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती विरुद्ध लोधी प्रॉपर्टी. हा दुधारी आहे. त्याआधी आम्ही वकील मंडळी सर्रास म्हणायचो की मंडळाला पैसे वसूल करायचा अधिकारच नाही, दिल्ली हायकोर्टाचा तसा निकालही होता. ते आता संपलं. ३३अ आणि हवा कायद्याचं ३१अ यांखाली मंडळं भरपाई लावू शकतात, बँक गॅरंटीही मागू शकतात. पण न्यायालयाने अट घातलीय: भरपाई कशी ठरवायची, सुनावणी कशी द्यायची याचे रीतसर नियम आधी व्हायला हवेत आणि अधिकार त्या नियमांप्रमाणेच वापरायला हवा. तुमच्या आदेशात सूत्र आहे, कलम आहे, पण कोणत्या नियमाखाली चौकशी केली याचा उल्लेख नाही. तो मुद्दा जरूर घ्या.

पाण्याच्या नमुन्याबद्दल थोडक्यात. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेताना तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या देखत त्याचे दोन भाग करावे लागतात, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. हे झालं नसेल तर तो अहवाल न्यायालयीन कामात पुरावा म्हणून धरता येत नाही. भाच्याला शांतपणे बसवून विचारा: बाटली एक होती की दोन? सील त्याच्यासमोर झालं का? सही व्हिजिट रिपोर्टवर केली की बाटलीच्या लेबलवर? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रावर घ्या. त्याला पढवू नका, उलटतपासणीत ते लगेच कळतं. पण या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका. पाणी गटारात चाललं होतं हे तुम्हीच मला लिहिलंय, आणि पहिल्या दिवसाचा फोटो मंडळाकडे आहे. ‘काही झालंच नाही’ असा पवित्रा घेतलात तर बाकीचे खरे मुद्देही कुणी ऐकणार नाही. रोजच्या ५,००० रुपयांच्या खाली हे सूत्र जात नाही, तेव्हा शून्याची आशा सोडा आणि चार-साडेचार लाखांची तयारी ठेवा.

लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कामकाज इंग्रजीत, त्यामुळे मराठी बिलांची भाषांतरं जोडावी लागतील. अपिलाचं शुल्क रु. १,०००. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज न विसरता द्या, कारण नुसतं अपील दाखल झाल्याने पंधरा दिवसांची ती अट थांबत नाही. काही रक्कम आधी भरायला सांगितलं तर घासाघीस करू नका, भरा. गाळा चालू राहणं जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : माझा एक टेम्पो आहे. कुर्ल्यात रस्त्याकडेला डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) टाकलं म्हणून वॉर्डच्या पथकाने दंड केला. माल मी टाकलाच नव्हता, गाडी फक्त तिथे उभी होती. पैसे भरून गाडी सोडवली. आता ते परत मिळतील का?
— एक टेम्पोमालक, साकीनाका

उत्तर : भरलेत म्हणजे निम्मी लढाई सोडलीत. पैसे भरताना पावतीच्या मागे किंवा वेगळ्या कागदावर ‘हरकत राखून भरत आहे’ एवढं लिहिलं असतंत तर आज बोलायला जागा होती. तरी पावती शोधा आणि तिच्यावर कोणता उपविधी लिहिलाय ते पाहा. त्या दिवशीचा माल कुठून उचलला आणि कुठे उतरवला याचा कागद आहे का? माल दहिसरच्या किंवा शिळफाट्याच्या डेब्रिज प्रकल्पावर उतरवला असेल तर तिथली वजनाची चिठ्ठी, नाहीतर ठेकेदाराचं चलन, गाडीत जीपीएस असेल तर त्या तासाभराची नोंद. हे असेल तर वॉर्डच्या सहायक आयुक्तांना लेखी अर्ज द्या. सोबत माहिती अधिकारात पथकाचे फोटो आणि पंचनामा मागा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. फोटोत माल टाकताना तुमची गाडी दिसत नसेल तर दुसरा अर्ज त्या फोटोसकट करा. यातलं काहीच हाती नसेल तर विषय सोडा. आणि पुढच्या फेरीपासून चिठ्ठ्या डॅशबोर्डवर टाकून देऊ नका, उन्हाने त्यांची छपाई उडते. त्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.